मानांग पिडिंगचा सल्ला

आमच्या शेतावर बॉस दोन. एक अ‍ॅलिस्टर, ज्याच्या नावावर जमीन आणि गाई आहेत. दुसरी मानांग पिडिंग, जिचं अ‍ॅलिस्टरही ऐकतो. मानांग म्हणजे थोरली बहीण. माझी ती सख्खी कोणी नाही, पण न्यूझीलंडच्या या दक्षिण टोकाला आम्ही जेवढे आमच्या देशातल्या इलोइलो प्रांताकडचे लोक गाईंच्या धारा काढतो, त्या सगळ्यांना ती सारख्याच हक्काने झापते. मी चाळिशीला आलो तरी तिच्या लेखी ‘तोतो’च, म्हणजे बाळ्या.

गावी ती गुरांची डॉक्टर होती, इथे कळपाची मुकादम. हाताला यश आहे आणि तोंडाला लगाम नाही. न विचारता सल्ला देणं ही तिची खोड. गावाहून कोणी निघाला, की हिचा फोन गेलाच समजा. “आधी घरचं उरकून ये. बायकोचं बाळंतपण, बापाचं दुखणं, जे असेल ते निस्तर. गाई कुठे पळून जात नाहीत.” मीसुद्धा तिच्या सांगण्यावरून धाकट्या बहिणीचं लग्न लावून मगच आलो. तेव्हा ते परवडायचं. नियम साधा होता: कसबी कामगार म्हणून तीन वर्षं नीट काम करा, मग कायमचं राहण्यासाठी अर्ज करा.

तिच्या धाकट्या भावाचा, रेनेरिओचा व्हिसा आला, तिकीट निघालं आणि नेमके त्यांचे वडील गेले. आमच्यात माणूस गेल्यावर चाळीस दिवस प्रार्थना चालते. चाळिसाव्या दिवशी गावजेवण होतं, मग आत्मा घर सोडतो. मानांगला जाता येईना. तिचा व्हिसा नूतनीकरणाला गेलेला, पासपोर्टही त्याच कार्यालयात अडकलेला. देश सोडला असता तर अर्जच बाद. धारांच्या यंत्राच्या घरघरीत ती मनसोक्त रडली, मग तिने भावाला फोन लावला. “तिकीट पुढे ढकल. तातायचा चाळिसावा करूनच ये. माझ्या वाटणीचाही तूच कर.”

रेनेरिओने केला, आणि मग आला. मागोमाग बायको आणि मुलगीही आली. वर्षभरात ती पोरगी अ‍ॅलिस्टरसारखा ‘र’ घोळवून इंग्रजी बोलायला लागली.

आणि मग नियम बदलला. सरकारने मागची एक तारीख धरली. त्या तारखेआधी आलेल्यांना जुना नियम. नंतर आलेल्यांनी तीन वर्षं झाली की गाशा गुंडाळायचा, वर्षभर मायदेशी बसायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. रेनेरिओ पहिल्या तिकिटाने आला असता तर तारखेच्या आत होता. चाळिसाव्यामुळे तो बाहेर राहिला. मानांग मात्र आत होती.

बातमी आली तेव्हा आम्ही तिच्या स्वयंपाकघरात शेवया खात होतो. रेनेरिओच आधी हसला. “तातायचा माझ्यावर एवढा जीव असेल असं वाटलं नव्हतं. गेल्यावरही परत बोलावतोय बघ.”

मानांगने त्याला डाव फेकून मारला. “गप बस! जिभेला काही हाड?” आणि ती बाहेर निघून गेली. तिचं ताट तसंच राहिलं.

इथल्या पोरांना आधी काम मिळावं, हे मला मान्य आहे. माझ्या देशात मीही तेच म्हणेन. उद्या येणाऱ्याला दारातच नवा नियम सांगा, तो ठरवेल यायचं की नाही. पण घरदार विकून, लेकराला इथल्या शाळेत घालून जो बसलाय, त्याच्या पानात वाढलेलं उचलून न्यायचं, हा कुठला न्याय?

मानांग भावाला घेऊन खासदारबाईंकडे गेली, मला सोबत नेलं. बाईंनी चहा-बिस्किटं दिली, सगळं ऐकून घेतलं. बाई वाईट नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, “रेघ कुठेतरी ओढावीच लागते ना.”

“ओढा की,” मानांग म्हणाली. “मीही रोज सकाळी कुरणात विजेची तार हलवते. पण गाय चरायला पलीकडे गेल्यावर तिच्या अंगावर नाही ओढत.”

बाई हसल्या, त्यांनी ते लिहून घेतलं. पुढे पत्र आलं: भेटीबद्दल आभार. चहा आम्ही प्यायलो आणि आभार त्यांनी मानले!

तीन वर्षं भरल्यावर रेनेरिओ बायको-मुलीसह गेला. विमानतळावर अ‍ॅलिस्टरने त्याचा हात बराच वेळ सोडला नाही. मानांगला कायमचं राहण्याची परवानगी मिळाली, पण तिने त्याची मेजवानी दिली नाही, आणि अशा वेळी ठरलेल्या डुकराच्या रोस्टची आठवण काढायची आमचीही छाती झाली नाही. रेनेरिओ अजून इलोइलोत रिक्षा चालवतो. वर्ष सरलं, पण ती जागा आता भरतीच्या यादीतच नाही.

गेल्या वसंतात माझा भाचा एर्विन यायचा होता. त्याची बायको आठव्या महिन्यात. गाई विण्याचे दिवस, आम्ही वासरांना चीक पाजत होतो, तेवढ्यात त्याचा फोन आला. मानांग काय सांगणार हे ठाऊकच होतं, म्हणून मी फोन तिच्यासमोर धरला.

“व्हिसा हातात आहे?” तिने विचारलं.

“आहे, मानांग. बाळंतपण झालं की निघतो.”

“नको. पहिलं मिळेल ते तिकीट काढ.”

माझं डोकंच फिरलं. “मानांग, पहिलटकरीण आहे ती! असं काय सांगतेस?”

“मूल बापाला मागाहूनही ओळखेल, तोतो,” ती वासराच्या तोंडातली बाटली न हलवता म्हणाली. “तू मध्ये पडू नकोस. एर्विन, ऐकतोयस ना? निघ.”

एर्विन आला. मुलगी झाली तेव्हा तो शेडमध्ये धारा काढत होता. फोनवर तिचं रडणं ऐकून हसत होता आणि बाहीने डोळे पुसत होता. आम्ही सगळे फोनभोवती गोळा झालो. मानांग जवळ आली नाही. एर्विनच्या बाजूच्या गाई तिने स्वतःकडे घेतल्या आणि पाठ फिरवून काम करत राहिली.

काही महिन्यांनी नियम पुन्हा बदलला, पुन्हा मागची एक तारीख आली. एर्विन आत होता. बाळंतपणाला थांबला असता तर बाहेर राहिला असता. मानांगचा सल्ला बरोबर निघाला, आणि एर्विनची लेक चालायला लागली तीही त्याने फोनवरच पाहिली.