शटरपुढचे तांडेलकाका

तांडेलकाका माझ्या गॅरेजात आले की आधी गुडघे टेकून खाली बसायचे आणि फरशीपासून वीतभर अंतरावर नाक नेऊन वास घ्यायचे. नव्या माणसाला वाटे, म्हातारा गाड्यांना नमस्कार करतोय. मग भिंतीला हात टेकत उठायचे आणि माझ्याकडे न बघता म्हणायचे, "शेठ, आज कोणीतरी गळतंय." अकरा मोटारसायकली आणि दोन मोटारींमधून ती गळणारी नळी ते दहा मिनिटांत शोधून काढत. मला त्याचा भयंकर राग यायचा. आपल्या घरात येऊन कोणी खाली बसून दोष शोधावा, आणि तो त्याला सापडावाही, हे कोणाला आवडेल?

ते आमच्या वरोर गावचेच. घरातले सगळे पुरुष होडीवर जाणारे. हे एकटे गुजरातच्या हद्दीतल्या एका रासायनिक कारखान्यात, आग विझवणाऱ्या तुकडीत लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. पुढे अंगणात बसून भावांची जाळी सांधायची आणि कोणी न बोलावता गावातले मांडव, शाळेतली खिचडीची चूल, गणपतीच्या वायरी तपासत हिंडायचं, हा त्यांचा दिनक्रम. किनाऱ्यावरसुद्धा पायात बंद बूट. मी एकदा चेष्टा केली तर म्हणाले, "चपलेत माणूस पळू शकतो, शेठ, थांबू शकत नाय. आमचं काम थांबायचं होतं."

मी तलासरीचा. हायवेवरच्या भंगाराच्या दुकानात पत्रे उचलत मोठा झालो. पुढे एक जुनी राजदूत मोटारसायकल घेतली आणि तिच्यावर बसून पाड्यापाड्यांतून मोडकं लोखंड गोळा केलं. तिच्या जोरावर मी उभा राहिलो. एका वाईट वर्षी ती विकावी लागली. नंतर हाती चार पैसे आले तेव्हा कासा भागातल्या एका पाड्यावर, गोठ्याच्या मागे, टाकीवरच्या पोच्यावरून मी तिला ओळखलं आणि घरी आणलं. बाकीच्या जुन्या गाड्या तिच्यामागून, हौसेपोटी आल्या. समोरच्याने सांगितलेल्या किमतीला मी आयुष्यात एकही वस्तू घेतलेली नाही. लोक याला चिकटपणा म्हणतात. मी अक्कल म्हणतो.

वरोरला समुद्राजवळ बंगला बांधला आणि खालचा अर्धा मजला गाड्यांना दिला. वास्तुशांतीच्या जेवणाला तांडेलकाका आले ते पंगतीत बसायच्या आधी गॅरेजात शिरले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडून एकामागून एक अटी बाहेर पडल्या. सगळ्या टाक्या रिकाम्या करा. पार्ट धुवायचे तर उघड्यावर, आणि पेट्रोलने नाहीच. तो इन्व्हर्टर फरशीवरून उचलून छातीच्या उंचीवर न्या. वाळूच्या बादल्या आणि आग विझवायचं नळकांडं शटरच्या बाहेर ठेवा. घर आणि गॅरेज यांच्यामधलं लाकडी दार काढून लोखंडी बसवा, आपोआप बंद होणारं.

"काका, जेवायला आलात की छापा घालायला?" मी म्हणालो.

"पेट्रोल नाय पेटत, शेठ. त्याचा वास पेटतो. तो वास ओहोटीच्या पाण्यासारखा सखल जागा शोधत जातो. तुमच्या इन्व्हर्टरपर्यंत जायला त्याला किती वेळ लागणार?"

"टाक्या रिकाम्या ठेवल्या तर या खाऱ्या हवेत आतून सडतील. या टाक्या आता मिळतात का कुठे?"

"आतून तेल फिरवा, तोंड घट्ट लावा. नाय सडत."

मला जी गोष्ट येते ती मी केली. घासाघीस. मोटारींच्या टाक्या रिकाम्या करतो, मोटारसायकलींच्या राहू दे. बादल्या आणि नळकांडं घेतो, पण आत ठेवतो, बाहेरून चोरीला जातील. इन्व्हर्टरचं पावसाळ्यानंतर बघू, भिंतीला आत्ताच रंग दिलाय, तिला भोकं पाडायची नाहीत. "बघा काका, अर्ध्यावर आलो. तुम्हीपण या."

काका म्हणाले, "होडीला दोन भोकं आहेत. तुम्ही एक बुजवलं. तर होडी अर्धीच बुडते काय?"

पंगतीतले लोक हसले. मला ते झोंबलं, म्हणून मी जास्तच अडून बसलो. फक्त दाराच्या अटीवर त्यांनी मला घासाघीस करू दिली नाही. लोखंडी दार बसेपर्यंत ते रोज सकाळी येऊन पायरीवर बसायचे. चहा दिला तर घ्यायचे नाहीत. सातव्या दिवशी माझी बायको शोभा म्हणाली, "अहो, दार बसवा. नाहीतर त्यांना जेवायला तरी वाढा." मी दार बसवलं. त्या दिवशी त्यांनी चहा मागून घेतला, दोन कप.

आग लागली ती वैशाखातल्या भर दुपारी. वाऱ्याबरोबर रेती आत येत होती म्हणून मी शटर पूर्ण खाली ओढलं होतं आणि घमेल्यात पेट्रोल घेऊन राजदूतचा कार्बोरेटर धूत बसलो होतो. फोन वाजला. एका जुन्या लॅम्ब्रेटा स्कूटरचा मालक होता, बरेच दिवस भाव धरून बसलेला. घमेलं तसंच ठेवून मी बोलत बोलत घरात आलो. मागे लोखंडी दार आपोआप लागलं. तो माणूस उतरायला तयार नव्हता, मी चढायला तयार नव्हतो. अर्धा तास गेला. तेवढ्यात लाईट गेली. हॉलमधला पंखा मंदावला आणि इन्व्हर्टर चालू होऊन परत फिरू लागला. त्याच क्षणी दारामागे 'धप्प' झालं. धान्याचं पोतं पडावं तसं.

मी पुढच्या दाराने बाहेर धावलो. शटरच्या फटींतून काळा धूर येत होता. नळकांडं आत, बादल्या आत. तांडेलकाका बुटांनिशी धावत येताना दिसले. त्यांनी आल्या आल्या मीटरवरचं मेन बटण पाडलं, "ताई, सिलिंडर बंद करा आणि बाहेर या" असं शोभाला ओरडून सांगितलं, जमलेल्या माणसांना हौदातलं पाणी वरच्या मजल्याच्या भिंतीवर मारायला लावलं. मग येऊन शटरपुढे उभे राहिले. पाठ शटरकडे, तोंड माझ्याकडे.

"काका, बाजूला व्हा. राजदूत पुढेच आहे, चार पावलांवर. ओढून काढतो."

"नाय."

"शटर माझं आहे!"

"हां, शटर तुमचं. पण आत जी आग आहे ती आता हवा मागते. ती मी नाय देणार."

"तू कोण रे देणारा, न देणारा?"

त्यांना अरे-तुरे मी पहिल्यांदाच केलं. आणि त्यांच्या थोबाडीत मारली. साऱ्या गावासमोर. चष्मा पडला. ते हलले नाहीत. मी परत मारली. गळा धरला, ओढलं, शिव्या दिल्या. त्या हडकुळ्या म्हाताऱ्याने दोन्ही हात पसरून मागच्या तापत्या पत्र्याला पाठ टेकली आणि बूट जमिनीत रोवले. आत एकेक टाकी फुटल्याचा आवाज येत होता. प्रत्येक आवाजाला मी त्यांना मारत होतो. शेवटी चार जणांनी मला धरून मागे नेलं. रडताना मला माझ्या गावाने त्या दिवशी पाहिलं. तेही मी विसरलेलो नाही.

बंब डहाणूहून निघाला होता, पण अंतर ते अंतरच. तो आल्यावर त्याच्यावरच्या माणसांनी आग विझवली, शटर त्यांच्या पद्धतीने उघडलं. अकराच्या अकरा मोटारसायकली गेल्या, दोन्ही मोटारी गेल्या. राजदूतचा नुसता सांगाडा. वरचं घर मात्र उभं होतं, लोखंडी दार वाकलं होतं पण लागलेलं होतं. बंबावरच्या साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "शटर कोणी बंद ठेवलं?" मी मान फिरवली. ते म्हणाले, "ज्याने ठेवलं त्याचे पाय धरा. उघडलं असतंत तर भडका तुमच्या अंगावर आला असता, आणि पाठोपाठ वर घरात शिरला असता. पुढची गाडी काढायला गेला असतात तर तिच्याजवळच राहिला असतात."

हे आमच्या दोघांतच झालं. आणि मी ते कोणालाही सांगितलं नाही. शोभालासुद्धा नाही.

उलट दुसऱ्या दिवसापासून मी सांगत सुटलो, तांडेलने माझ्या गाड्या जाळल्या. वरोरच्या बंदरावर सांगितलं, डहाणूच्या बाजारात सांगितलं, तलासरीला जुन्या ओळखीत सांगितलं. एक मिनिट शटर उघडू दिलं असतं तर निम्म्या गाड्या वाचल्या असत्या, म्हाताऱ्याला आपला मोठेपणा दाखवायचा होता. माझा आवाज मोठा आहे आणि मला माल खपवता येतो. हाही खपला. त्या वर्षी गणपतीच्या मंडळाने त्यांना वायरी बघायला येऊ दिलं नाही. "काका, तुम्ही आता आराम करा," असं कोणीसं म्हणालं आणि बाकीचे हसले. शाळेनेही नंतर त्यांना फाटकाबाहेरच थांबवलं.

ते अंगणात जाळी सांधत बसायचे. मी रस्त्याने गेलो की हाक मारायचे, "शेठ, जेवलात काय?" मी मान फिरवायचो. आठ महिने मी मान फिरवली. मग थंडीत त्यांच्या छातीने दगा दिला. इतक्या वर्षांचा धूर होता तिथे. चार दिवसांत ते गेले.

मी बाराव्याला गेलो. सगळे उठेपर्यंत कोपऱ्यात बसून राहिलो. काकू समोर आल्या.

"काकू, त्या दिवशी काकांच्या पाठीला..."

"महिनाभर पालथे झोपले," त्या म्हणाल्या. "फोड होते. मी बोलले, एवढा मार कशाला खाल्लात, बाजूला व्हायचं होतं. तर बोलले, मला मारत होता तोवर शेठ बाहेर होता."

मी विचारलं, "मी गावात काय बोलत होतो ते त्यांना कळलं होतं?"

"न कळायला तुम्ही काय कुजबुजत होता?"

"मग ते एकदाही उलटून का बोलले नाहीत?"

"मी रोज बोलायची, जा, लोकांना खरं सांगा. तर बोलायचे, शेठचं सगळं जळलंय, राग तरी राहू दे त्याच्याकडे." काकूंनी पदराने तोंड पुसलं. "आता ते नाय. शाळेच्या फाटकावरून परत आले त्या दिवशी जेवले नव्हते, ते मी बघितलंय. आता तुम्ही सांगा."

माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. राजदूत चार पावलांवर होती, ती चार पावलं मी अजून रोज चालतो. आणि मला न विचारता मला वाचवणाऱ्या माणसावर मी आजही चिडतो, कारण त्याने मला आभार मानायलाही जागा ठेवली नाही. पण काकूंनी सांगितलेलं काम टाळता येणार नव्हतं.

मंडळाची बैठक देवळाच्या ओट्यावर होती. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. घमेलं माझं, इन्व्हर्टर माझ्या हट्टाने फरशीवर, टाक्या माझ्या हट्टाने भरलेल्या. बंबावरचे साहेब काय म्हणाले तेही शब्दाला शब्द सांगितलं. तांडेलकाकांनी माझा जीव वाचवला आणि मी त्यांना मारलं, बदनाम केलं, म्हणालो. अशी बोलायची सवय नाही मला.

मग अध्यक्ष उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शेठ, मन मोठं तुमचं. एवढं नुकसान करून गेला माणूस, तरी मेल्यावर त्याच्याबद्दल चांगलंच बोलताय. हीच रीत आहे."

"अहो, रीत नाही! खरं आहे ते!" मी ओरडलो.

"हो हो. बसा शेठ, बसा. पाणी आणा रे शेठना."

मी बंदरावर सांगितलं, बाजारात सांगितलं, शाळेच्या मास्तरांना जाऊन सांगितलं. सगळे मान डोलावतात. एकाने हळूच विचारलं, साहेब असं म्हणाले याला साक्षीदार कोण? दुसरा म्हणाला, लेखी काही आहे का? माझ्याकडे काही नाही, ते साहेबही आता बदलून गेलेत. आगीचं हे गणित लोकांना पटवू शकणारे होते ते एकटे तांडेलकाका.

मी खोटं बोलत हिंडत होतो तेव्हा यातल्या एकानेही मला काही विचारलं नव्हतं.