अकरावा प्रोलीन

तुमच्या नावाखाली कुणी खोटं छापलं, आणि छापणारं माणूस तुम्हाला खरं लिहायला शिकवणारंच निघालं, तर तुम्ही काय कराल?

मी पत्रकांवर वाढले. बाबा नागपुरात सीताबर्डीवर उभे राहून चळवळीची पत्रकं वाटायचे आणि उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायची. घरात नियम एकच होता: स्वतः पाहिलं नाही ते छापायचं नाही. म्हणून प्रयोगशाळेत ताई भेटली तेव्हा घरचंच माणूस मिळाल्यासारखं वाटलं. ताई भिवापूरची, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, प्रयोगशाळेत मला काम शिकवणारी.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. कुठल्या जागी कुठलं आम्ल बसलंय ते आम्ही ओळखायचो. माळ मोठ्या चुंबकात ठेवली की तिचे अणू रेडिओलहरींना उत्तर देतात. बहुतेक लोक नायट्रोजनला जोडलेल्या हायड्रोजनचं उत्तर ऐकतात. पण माळेत गुंफलेल्या प्रोलीन नावाच्या आम्लाकडे नेमका तो हायड्रोजन नसतो, त्यामुळे प्रोलीन नजरेतून निसटतो. आम्ही थेट कार्बनचं ऐकायचो. मग प्रोलीनही आलेखावर ठिपका होऊन उमटायचा.

चुंबक दुसऱ्या शहरात होतं. नमुना बर्फाच्या डब्यातून जायचा आणि आलेख नागपुरात यायचा. ताईने पहिल्याच दिवशी माझ्या हातात पेन्सिल दिली. खात्री असेल तिथे आम्लाचं नाव, नसेल तिथे प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हाची लाज वाटायला नको, असं तीच म्हणाली होती.

आमच्या माळेत अकरा प्रोलीन होते. दहा सापडले. एक ठिपका उरला, प्रोलीनच्या वस्तीपासून जरा बाजूला. मी तिथे प्रश्नचिन्ह काढलं आणि ताजा नमुना पाठवला. नव्या आलेखात तो ठिपका नव्हताच. पहिल्या नमुन्याभोवतीचा बर्फ मे महिन्यात वाटेतच वितळला होता. माळ तुटली होती, आणि तो ठिपका तुटलेल्या टोकाचा होता. मी दोन्ही आलेख ताईसमोर ठेवले. तिने ते बराच वेळ पाहिले आणि माझंच बरोबर असल्याचं सांगितलं.

महिन्याभराने परिषदेत लावायचं आमच्या कामाचं पोस्टर छापून आलं. त्यावर जुनाच आलेख होता. प्रश्नचिन्ह गेलेलं, तिथे ठळक ‘प्रोलीन’. आणि सगळ्यात वर, पहिलं नाव माझं.

मी विचारलं तेव्हा ताई चहा गाळत होती.

“काहून वं, एका ठिपक्यासाठी इतकी तापून राहिली? अकरा पाहिजे होते, अकरा झाले.”

“तूच त मले प्रश्नचिन्ह काढाले शिकवलं.”

“पत्रकवाल्याची पोरगी तू. तुले चहातही चळवळ दिसते.”

ती हसली आणि माझा कप माझ्यापुढे सरकवला. ठिपका खोटा आहे हे तिला माहीत नसतं तर मी भांडले असते. तिला सगळं माहीत होतं. मी चहा तसाच ठेवून उठले.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना लिहिलं: ठिपक्याचं नाव काढा, नाहीतर माझं काढा. त्यांना दुसरं सोपं वाटलं. परिषदेत पोस्टर लागलं तेव्हा माझ्या नावावर पांढऱ्या कागदाची पट्टी होती. खाली अकरावा प्रोलीन जसाच्या तसा. ताई लोकांना तो बोटाने दाखवत होती.

म्हणून तुमच्याकडे एकच मागते. एकही प्रश्नचिन्ह नसलेला आलेख कुणी तुमच्यापुढे धरला, तर मान डोलावू नका. ताज्या नमुन्याचा आलेख मागा, आणि तो हातात येईपर्यंत तिथून हलू नका.