दुसऱ्यांच्या तीन लाल्या

तुम्ही काय वाजवता असं कामताप्रसादला कुणी विचारलं, की तो सांगायचा, "लोखंडावर लोखंड." आणि एवढ्यावर थांबायचा नाही. "वेल्डर माणूस मी. कारखान्यात तीस वर्षं हेच केलं. तिथे आवाज झाला की साहेब ओरडायचे. मंडळीत आवाज नाही झाला की महाराज ओरडतात."

आमच्या बेटावरच्या लौतोका गावातल्या साखर कारखान्यातून तो निवृत्त झाला होता आणि द्रासाच्या वस्तीत उसाच्या कडेला, पत्र्याच्या घरात बायकोबरोबर राहत होता. दर मंगळवारी बिसनाथ महाराजांच्या भजनमंडळीत दंडताल वाजवायचा. दंडताल म्हणजे कमरेएवढी लोखंडी सळई. ती डाव्या हातात उभी धरायची आणि उजव्या हातातल्या नालासारख्या तुकड्याने तिच्यावर ठेका धरायचा. पेटीवाल्याला मान असतो, ढोलकवाल्याला टाळ्या मिळतात. दंडतालवाल्याला चहा मिळतो, तोही सगळ्यांचा घेऊन झाल्यावर. हेही कामताप्रसादच सांगायचा.

खरं तर त्याला गायचं होतं. सोळाव्या वर्षी तो मंडळीत गेला तेव्हा बिसनाथचे वडील पेटीवर बसायचे. त्यांनी त्याचं एक भजन डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग डोळे उघडून म्हणाले, "बाळ, तुझ्या हातांना काहीतरी काम देऊ या." तेव्हापासून पंचेचाळीस वर्षं त्याच्या हातात सळईच होती. आताची सळई त्याने स्वतः घडवली होती, एका मोडक्या ट्रकच्या लोखंडातून. "ट्रकने आयुष्यभर ऊस वाहिला," तो म्हणायचा, "आता मला वाहतो."

एकदा त्याला वेरेनिकीने बोलावलं. वेरेनिकी लौतोकात गाणी ध्वनिमुद्रित करायचा. दुकानाच्या मागची खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, आणि दाराला एक जाळी, जी बिजागरीतून निसटली होती. कामताप्रसाद जाळी जोडायला गेला होता. काम झाल्यावर सवयीप्रमाणे त्याने हातोडीने सांध्यावर दोनतीनदा ठोकून पाहिलं. जोड पक्का असला की लोखंड स्वच्छ वाजतं.

आतून वेरेनिकी धावत बाहेर आला. "तवाले, काय वाजवलंस ते?"

इथे ओळख झाली की माणूस तवाले होतो, म्हणजे मेहुणा, आणि मेहुण्याची कितीही चेष्टा केली तरी चालते.

"तुझं दार वाजवलं," कामताप्रसाद म्हणाला. "पैसे दे, म्हणजे वाजवायचं थांबतो."

"आत ये आधी."

आत तवुआच्या चर्चची गायनमंडळी बसली होती. बारा बाया, आठ पुरुष, आणि त्यांची प्रमुख असेनाथा, जी उभी राहिली की खोली लहान वाटायची. त्यांच्या गाण्यात चर्चची घंटा वाजायला हवी होती आणि वेरेनिकीच्या यंत्रातली घंटा सायकलच्या घंटीसारखी वाजत होती. कामताप्रसाद सायकल मारत घरी गेला आणि दंडताल घेऊन आला.

"किती वेळा वाजवू?" त्याने विचारलं.

"मी मान हलवेन तेव्हा एकदा," असेनाथा म्हणाली. "नाही हलवली तर नाही."

सबंध गाण्यात तिने सातदा मान हलवली. पंचेचाळीस वर्षं अखंड वाजवलेल्या माणसाला सातच ठोके देऊन बसवून ठेवणं ही शिक्षाच होती. पण प्रत्येक ठोक्यानंतर ते वीस आवाज त्याच्या लोखंडाच्या घुमण्यावर अलगद येऊन बसत आणि वर चढत. आपली सळई इतका वेळ घुमते हे त्याला तोवर ठाऊकच नव्हतं. मंडळीत पुढचा ठोका आधीच्याला कधी घुमूच देत नसे.

मग वेरेनिकीला चटकच लागली. सिंगातोकाच्या खोऱ्यातले चार म्हातारे युकुलेली, म्हणजे चार तारांची छोटी गिटार, आणि मोठी गिटार घेऊन आले. यंगोनाच्या, म्हणजे मुळ्या कुटून पाण्यात कालवलेल्या पेयाच्या, वाडग्याभोवती बसून गायची ती जुनी, संथ गाणी. त्यांच्यामागे कामताप्रसादने सळई मांडीवर आडवी ठेवून नुसती टिचकीसारखी वाजवली. मग बंदरावर काम करणारे चौघे रेगे गाणारे आले. त्यांनी त्याला सांगितलं, "काका, जिथे वाजवावंसं वाटेल तिथे वाजवू नका, त्याच्या नंतर वाजवा." त्यालाही ते जमलं. का जमलं ते मात्र कळलं नाही.

त्याच पावसाळ्यात बिसनाथ महाराजांच्या मंडळीनेही वेरेनिकीकडेच आपलं भजन ध्वनिमुद्रित केलं. त्यात कामताप्रसादने पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, घाम पुसायलाही न थांबता वाजवलं.

दरवर्षी राजधानीत, सुवाला, संगीताचे पुरस्कार देतात. चर्चचं गाणं, यंगोनाच्या बैठकीचं गाणं, भजन, रेगे, प्रत्येकाचा वेगळा. बक्षीस म्हणून लाकडाची छोटी लाली मिळते. गावाला बोलावण्यासाठी जो लाकडी ढोल बडवतात त्याला लाली म्हणतात, त्याची ही वीतभर प्रतिकृती. महाराजांचं भजन अंतिम पाचांत आल्याचं पत्र आलं तेव्हा त्यांनी सगळ्या मंडळीला एकसारखे पिवळे रेशमी कुर्ते शिवून घ्यायला लावले.

"यंदा लाली आपलीच," कामताप्रसाद घरी येऊन म्हणाला.

त्याची बायको राजमती रोट्या लाटत होती. तिने मान वर केली नाही. "पस्तीस वर्षांत मला कधी ओठांची लाली आणली नाहीत. आता लाकडाची आणणार."

"भाषण करावं लागलं तर काय बोलू?"

"महाराज असताना तुम्हाला कोण बोलू देतंय? कुर्ता घाला बघू." त्याने घातला. तिने नीट पाहिलं आणि म्हणाली, "पिकलेल्या पपईसारखे दिसताय. पण चालेल, तिथे अशा आठ पपया असतील."

तरी त्याने बसमध्ये मनातल्या मनात भाषण रचलं. सिंगातोकाला दोन मिनिटांचं होतं, सुवा येईतो अकरा मिनिटांचं झालं. त्यात बिसनाथच्या वडिलांचे आभार होते, राजमतीचे होते आणि ट्रकचेही होते.

सभागृहात मंडळीला मागून तिसरं टेबल मिळालं. पहिला पुरस्कार चर्चच्या गाण्यांचा. तवुआची मंडळी जिंकली. असेनाथा व्यासपीठावर गेली, देवाचे आभार मानले, पाद्रीबाबांचे मानले, आणि म्हणाली, "आणि आमची घंटा वाजवणारा तो जाळीवाला इथेच कुठेतरी बसलाय, त्याचे." लोक हसले. कामताप्रसादही हसला. महाराज हसले नाहीत, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसरा पुरस्कार बैठकीच्या गाण्यांचा. सिंगातोकाचे चार म्हातारे जिंकले. ते व्यासपीठावर जाईपर्यंत निवेदकाला दोन विनोद सांगावे लागले. या वेळी महाराजांनी टाळ्या जरा कमी वाजवल्या आणि कामताप्रसादकडे वळून विचारलं, "यातही तू?"

"थोडासा," कामताप्रसाद म्हणाला. "मांडीवर ठेवून."

मग भजनांचा पुरस्कार आला. पिवळ्या कुर्त्यांतले आठही जण ताठ बसले. महाराजांनी केसांवरून हात फिरवला. निवेदकाने लिफाफा उघडला आणि लंबासाच्या मंडळीचं नाव घेतलं. कामताप्रसाद अर्धवट उठला होता. तो तसाच वाकून पाण्याच्या तांब्याकडे वळला आणि सगळ्यांच्या पेल्यांत पाणी ओतत राहिला, भरलेल्या पेल्यांतही. अकरा मिनिटांचं भाषण तसंच राहिलं होतं. त्याने ते पाण्याबरोबर गिळलं.

यानंतर रेगेचा पुरस्कार नसता तर निभावलं असतं. पण तो होता, आणि बंदरावरचे चौघे जिंकले. त्यांचा म्होरक्या ध्वनिक्षेपकावर म्हणाला, "लोखंडवाल्या काकांना सलाम."

टेबलावर कोंबडीचा रस्सा आला होता. कुणी हात लावेना. शेवटी महाराज शांतपणे म्हणाले, "कामता, तीन गाण्यांत तू होतास, तिन्ही जिंकली. चौथं तुझ्या घरचं होतं."

"महाराज, त्यांनी मला अधूनमधून वाजवू दिलं," कामताप्रसाद म्हणाला. "तुमच्याकडे मी सलग वाजवलं. तोच फरक पडला असेल."

त्याने ते आपल्यावर घेऊनच म्हटलं होतं. स्वतःला चार फटके मारले की समोरचा मारत नाही, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव. पण ढोलकवाला फसकन हसला आणि महाराजांना ते वाक्य पेटीवाल्यावर, म्हणजे आपल्यावर, आहे असं वाटलं. त्यांनी ताट पुढे सरकवलं आणि उठून गेले.

तेवढ्यात असेनाथा आली आणि तिने कामताप्रसादला दंडाला धरून उचललं. वर्तमानपत्राच्या छायाचित्रासाठी त्याला तिन्ही विजेत्यांच्या मधे उभं केलं. डावीकडे चर्चवाले, उजवीकडे म्हातारे, मागे केसांच्या वेण्या घातलेले चौघे, आणि मधे तो पिवळा. कुणीतरी तिन्ही लाल्या त्याच्या हातात दिल्या, आणि छायाचित्र निघताच परत घेतल्या.

रात्री सगळे जवळच नौसोरीला राजमतीच्या बहिणीकडे झोपले. सकाळी वर्तमानपत्र आलं. छायाचित्र पहिल्या पानावर होतं. राजमतीच्या बहिणीने खालची ओळ मोठ्याने वाचली, "पुरस्कारविजेते आपल्या बसचालकासह."

महाराज अंगणात दात घासत होते. त्यांनी चूळ भरली आणि कितीतरी दिवसांत हसले नव्हते तसे हसले. कामताप्रसाद त्यांच्याहून जास्त हसला. परतीच्या बसमध्ये चालकाला तो म्हणाला, "थकलास तर सांग, पेपरात मीही चालकच आहे."

पण पुढच्या मंगळवारी त्याला बोलावणं आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दंडतालवर महाराजांनी आपल्या भाच्याला बसवलं होतं. लोकांना कामताप्रसाद सांगायचा, "पुरस्कार मिळालेला माणूस परवडत नाही त्यांना." घरी मात्र मंगळवारी संध्याकाळ झाली की तो हातपाय धुऊन, कपडे बदलून ओट्यावर बसायचा आणि वस्तीच्या त्या टोकाकडून येणारी पेटी ऐकायचा. एका मंगळवारी राजमती शेजारी येऊन बसली.

"भाचा पळतोय," ती म्हणाली. तिला ठेका कळतो हे त्याला पस्तीस वर्षांत माहीत नव्हतं.

"तरुण आहे," तो म्हणाला.

"अहो, जाऊन सांगा ना. जीभ झिजेल का? त्या दिवशी त्यांना लागलं."

"मी स्वतःला बोललो होतो."

"तुम्ही नेहमी स्वतःलाच बोलता. म्हणून दुसऱ्याला लागलेलं तुम्हाला दिसतच नाही."

त्या टोकाची पेटी थांबेपर्यंत तो भाच्याचा ठेका ऐकत राहिला. 

दुसऱ्या दिवशी तो, माफी मागायला नेतात तशी, यंगोनाची पुडी घेऊन महाराजांकडे गेला. महाराज व्हरांड्यात पेटीची पट्टी दुरुस्त करत बसले होते. कामताप्रसादने पुडी पुढे ठेवली आणि या वेळी काही गमतीदार न बोलता सांगितलं, "महाराज, त्या रात्री मी चुकीचं बोललो. तुमच्या पेटीत काही कमी नव्हतं. मला हरल्याचं फार वाईट वाटलं होतं."

महाराजांनी पट्टी खाली ठेवली. "तुला वाईट वाटलं होतं?" त्यांनी विचारलं. "तू तर पाणी वाढत होतास."

"दुसरं काही हातात नव्हतं."

महाराजांनी आतून वाडगं मागवलं. पहिली वाटी कामताप्रसादला दिली. त्याने रिवाजाप्रमाणे टाळी वाजवून ती घेतली आणि रिकामी केली. दुसरी वाटी झाल्यावर महाराज म्हणाले, "मी ती तीनही गाणी मागवून ऐकली. त्या चर्चवालीने तुला थांबायला लावलंय."

"सात ठोक्यांत बसवलं."

"आपल्याकडे कुठे थांबशील?"

कामताप्रसादने विचार केला. मग एकेका कडव्याच्या जागा सांगू लागला. महाराज पेटीवर हलक्या बोटांनी त्या धरून पाहत होते. मधेच त्यांनी दोन जागा नाकारल्या, एकीवर वाद घातला, आणि संध्याकाळ होईपर्यंत एक भजन पुरं झालं. भाच्याला त्यांनी झांजा दिल्या.

पुढच्या वर्षी मंडळीचं भजन शेवटच्या पाचांत आलं नाही. सुवाहून कामताप्रसादला मात्र पत्र आलं, भजनांच्या विभागात परीक्षक व्हाल का म्हणून. त्याने ते राजमतीकडून दोनदा वाचून घेतलं आणि उत्तर तिलाच लिहायला सांगितलं.

"काय लिहू?"

"लिही, माणूस भला आहे, पण मंगळवारी रिकामा नसतो."

"पुरस्कार शनिवारी असतात."

"मग लिही, शनिवारी येईल," तो म्हणाला, आणि पिवळा कुर्ता अजून अंगात बसतो का ते पाहायला आत गेला.