पदराने पुसलेली फ्लॉपी

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात, दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, भूमकडच्या त्या दूध संघात थंड जागा एकच होती. संगणकाची खोली. तिच्या दारात भिमाबाई स्टुलावर बसायची, खोलीची किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवून.

"मावशी, जरा गार वारं घेऊ द्या की," टँकरवाले आर्जव करायचे.

"भाईर घ्या वारं. आत मशीनला बाधतंय."

बाहेरची कुठलीच वस्तू आत न्यायची नाही, हा नियम. ऑपरेटर मल्लिकार्जुनने तिला तो समजावला होता, "मावशी, बाहेरचा एक कण गेला तरी मशीन आजारी पडतं." मशीनमध्ये चारा छावण्यांतल्या जनावरांची यादी होती, कुठल्या गावाला किती चारा, ते त्या यादीवरून ठरायचं. भिमाबाईने कण म्हणजे धूळ धरली आणि नियम जिवापाड पाळला. चेअरमनलाही दारात थांबवलं.

"मी चेअरमन आहे, बाई."

"व्हय की. पण पाय मातीचेच हायत ना साहेब. धुवा."

तिचा मुलगा गुलाब पुण्याला संगणक शिकायला गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. एकदाही आला नव्हता. पत्रं यायची ती चार ओळींची. मे महिन्यात पुण्याहून आलेल्या गावच्या माणसाने तिच्या हातात एक काळी चौकोनी फ्लॉपी दिली. सोबत चिठ्ठी: 'आई, यात मोठं पत्र आहे. तुझ्या मशीनवर बघ.'

तीन दिवस ती फ्लॉपी लुगड्यांच्या घडीत राहिली. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने मल्लिकार्जुनला गाठलं.

"साहेब, येवढं लावून दावा."

"बाहेरची फ्लॉपी? मावशी, तुम्हीच मला अडवायला पाहिजे."

"भाईरची कशी? माझ्या पोराची हाय." तिने ती पदराने दोन्ही अंगांनी पुसली, फुंकर मारली. "बगा. कण न्हाय."

रोज तिच्या डब्यातली शेंगाचटणी खाणाऱ्या मल्लिकार्जुनला नाही म्हणवेना. "एकदाच हां," म्हणत त्याने दार लावून घेतलं.

पडद्यावर हिरवी इंग्रजी अक्षरं उमटली, शब्द मराठीच. तो वाचू लागला, "आई, इथं नळाला पाणी येतं. पहिल्या दिवशी नळ उघडा ठेवून नुसता बघत बसलो. तुझी घागर आठवली."

"सावकाश वाचा, साहेब. ते घागरीचं परत."

त्याने परत वाचलं. मग पुढं, "एक गोष्ट तुला बरेच दिवस सांगायची होती..."

तेवढ्यात पडद्यावर एक ठिपका उड्या मारू लागला. मल्लिकार्जुनने घाबरून मशीन बंद केलं. पुन्हा सुरू केलं तेव्हा यादीतली गावांची नावं मोडली होती. आठ दिवस माणसं छावण्या फिरत जनावरं पुन्हा मोजत होती.

"फ्लॉपी कोणी आणली?" मॅनेजरने विचारलं. मल्लिकार्जुन टेबलावरचे कागद गोळा करू लागला.

"म्या आणली," भिमाबाई म्हणाली. "पुसून आणली व्हती, साहेब."

किल्ली गेली. भिमाबाई दुधाचे कॅन धुण्यावर गेली. फ्लॉपीत व्हायरस होता म्हणून मशीन दुरुस्तीला आलेल्या इंजिनियरने ती कोरी केली. तिने गुलाबला कार्ड लिहवून घेतलं: ती गोष्ट कोणती? वीस दिवसांनी उत्तर आलं: 'आता आठवत नाही, आई. खास काही नव्हतं. सवडीनं येतो.'

तरी जेवणाच्या सुट्टीत ती त्या दाराशी यायची. चपला काढून, ओले हात पदराला पुसून बाहेरच उभी राहायची.

"आत या ना, मावशी," मल्लिकार्जुन म्हणायचा.

"नगं. मशीनमधनं पत्राचं पुढलं काही निघतंय का, बगा की कदी."