कागदी वाटीतला पांढरा रस्सा

पहिले काही आठवडे मला ती कागदी ताटली आवडली होती. त्याचा मला अजून राग येतो.

डब्लिनला शिकायला गेले तेव्हा सुरुवातीला एका ओळखीच्या मुलीच्या सोफ्यावर झोपत होते. त्या शहरात भाड्यानं घर मिळणं अवघड. एक खोली बघायला जिन्यापर्यंत माणसं उभी असतात आणि घरमालक त्यांच्याकडे बाजारातल्या म्हशी बघाव्या तसा बघतो. अशात तिथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात आली. वरचा मजला, दोन खोल्या, स्वतंत्र स्वयंपाकघर, मराठी मुलींना प्राधान्य. मी त्याच दुपारी गेले.

दार उघडलं ते काका मूळचे कोडोलीचे. तरुणपणीच तिकडे गेलेले, पण तोंड उघडलं की थेट पन्हाळा तालुका.

"या या पावणं! कोल्हापूरच्या म्हणं तुम्ही?"

इतक्या दिवसांनी तो मोठा आवाज कानावर पडला आणि माझे डोळे भरून आले. काकांनी सोफ्यावर बसवलं, काकूंनी पाणी आणलं, आणि चौकशी सुरू झाली.

"कोल्हापुरात कुठं?"

सांगितलं.

"तितं कुणाच्यातली? आडनाव काय?"

"आडनाव लावत नाही, काका. माझं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव. बास."

"ते कागदावर झालं. घरात काय म्हणत्यात?"

"घरात नुसत्या नावानंच हाक मारतात."

काका हसले. "मामाचं गाव?"

"मुरगूड."

"आरं तिच्या! मुरगूडात निम्मं आमचं पावणं. मामाचं आडनाव?"

"मामा."

"मामा?"

"आम्ही मामाच म्हणतो."

"लई तयारीची हाय पोरगी," काका काकूंकडे बघून म्हणाले. मग कुलदैवत झालं, गावची जत्रा झाली, आई-बाबांचं लग्न कुठल्या कार्यालयात झालं तेही झालं. लग्न रजिस्टर पद्धतीनं झालं म्हटल्यावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी काकूंनी विचारलं, "मटण खातेस ना गं?"

"कोल्हापूरची आहे, काकू."

तेवढं एक उत्तर त्यांना पसंत पडलं. घर मिळालं.

आमच्याकडे ही चौकशी मायेनंही होते, हे मला मान्य आहे. कोण कुणाचा पाव्हणा हे कळल्याशिवाय आमच्या माणसाला चहा गोड लागत नाही. पण ते प्रश्न म्हणजे चाळण आहे, हेही मला लहानपणापासून ठाऊक होतं. बाबा शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी पत्रकं लिहायचे. स्वस्त गुलाबी कागदावर छापलेले गठ्ठे घरी यायचे आणि आम्ही सगळे जमिनीवर बसून घड्या घालायचो. मी अक्षरं त्याच पत्रकांवर गिरवली. त्यात एका गावच्या हॉटेलातल्या वेगळ्या कपाबद्दल होतं, दुसऱ्या गावच्या पाणवठ्याबद्दल होतं. बाबांचा नियम एकच: पत्रकात विशेषण नको, कुणी, कुठं, काय केलं ते लिहा. आडनाव त्यांनी माझ्या जन्माआधीच सोडलं होतं. आडनाव सोडलं म्हणजे लपवलं, असा अर्थ लोक काढतात, हेसुद्धा ते सांगायचे.

एवढं सगळं वाचून मोठी झाले, आणि तरी ताटली दिसली नाही.

घर लावण्यात माझे दिवस जात होते. खिडकीला आईची जुनी साडी पडदा म्हणून लावली. तव्याला बसेल असा गॅस नव्हता, विजेची शेगडी होती, तिच्यावर भाकरी फुगेना. चटणीची बरणी कपाटात ठेवली तर पुस्तकांना वास लागला. पण खोली माझी होती, दाराला आतून कडी होती, आणि दर रविवारी खालून काकूंची हाक यायची.

"अगं, मटण केलंय. जिन्यावर ठेवलंय बघ."

कागदी ताटलीत भात, तांबडा रस्सा, वर चंदेरी कागद. आणि कागदी वाटीत पांढरा रस्सा. वाटी वर नेईपर्यंत तळ भिजून बोटांना चटका बसायचा. कोल्हापूरच्या माणसानं पांढरा रस्सा कागदातून प्यावा, यासारखा अपमान नाही. पण मी आईला फोनवर कौतुकानं सांगितलं, "इथं बघ कसं सुटसुटीत, भांडी घासायची कटकटच नाही." एकदा भाजी प्लास्टिकच्या डब्यातून आली. मी डबा घासून, कोरडा करून खाली नेला, त्यात चार लाडू घालून. आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. काकूंनी लाडू एका कागदावर काढून घेतले आणि डबा माझ्यासमोर कचऱ्यात टाकला.

"परत कशाला आणलास गं? टाकायचाच असतो."

मला वाटलं, परदेशात अशीच रीत असते.

दुसरी खोली मी माझ्या मैत्रिणीसाठी धरून ठेवली होती. ती शाहूवाडी तालुक्यातल्या एका वाडीतली, डब्लिनमध्ये हॉस्पिटलात नर्स. चौघींत दोन पलंग अशा जागेत राहत होती. एक कामावर गेली की दुसरीनं त्याच गादीवर पडायचं. तीही जागा महिनाअखेर सोडायची होती. मी काकांना सांगितल्यावर ते म्हणाले होते, "आणा की एकदा, बघू." दिवाळीच्या फराळाला त्यांनी ओळखीच्या घरांना खाली बोलावलं होतं. मी तिला घेऊन गेले.

दारातच काकांनी विचारलं, "या पावणं! आडनाव काय म्हणायचं?"

तिनं आडनाव सांगितलं. आमच्या भागात ते ऐकल्यावर पुढचा प्रश्न कुणाला विचारावा लागत नाही. तिनं स्वतःहून गावही सांगितलं, वाडीही सांगितली आणि म्हणाली, "अजून काय पाहिजे?"

"न्हाय न्हाय. बसा की," काका म्हणाले आणि आत गेले.

काकू ताटं घेऊन आल्या. चकली, करंजी, चिवडा. आम्ही खायला लागलो तशी मैत्रिणीनं मला कोपरानं ढोसलं.

"कळलं का?"

"काय?"

"ताट बघ."

मी माझ्याकडे बघितलं. कागदी. तिची कागदी. मग मान वर करून खोलीभर बघितलं. सगळ्यांच्या हातात स्टीलची ताटं होती. काकूंनी कोल्हापुरातून आणलेली, काठावर त्यांचं आडनाव कोरलेली. उभ्या असलेल्या पोरांच्या हातातसुद्धा स्टीलच्या बशा. मागं मांडणीवर तशाच ताटांची उतरंड चकाकत होती.

"काकू, मला स्टीलचं ताट द्या ना," मी म्हटलं.

"अगं, कमी पडली गं ताटं."

"ती काय मागं."

काकूंनी मागं बघितलंच नाही. "चकली घे अजून," म्हणाल्या.

जिना चढताना मैत्रीण हसत होती. ते हसणं मला सहन होईना.

"हसतेस काय?"

"पत्रकं वाचून वाढलीस म्हणं तू! दोन महिनं कागदावर जेवलीस आणि तुला वाटलं, पद्धत हाय. मला चकली तोंडात जायच्या आत कळलं."

"मी आत्ता खाली जाते."

"खोलीचं पक्कं होऊ दे. मग जा. भांड, पत्रक काढ, काय करायचं ते कर. मला महिन्याच्या शेवटी रस्त्यावर यायचं नाही."

म्हणून मी गप्प बसले. खोलीचं विचारलं की काका सांगायचे, "रंग द्यायचाय." मग "खिडकी दुरुस्त करायची हाय." खिडकी ठणठणीत होती. रविवारी जिन्यावर ताटली येत राहिली आणि मी ती तशीच कचऱ्यात टाकत राहिले.

मग एका रविवारी जिन्यावर हाक आली नाही, दारावर थाप पडली. काकू उभ्या होत्या. हातात स्टीलचा डबा, झाकणावर आडनाव कोरलेलं. मागं काका, तोंडभर हसत.

"लबाडे! आदी सांगायचं न्हाय व्हय गं? काल मुरगूडला फोन केलतो. तुझा मामा तर आमच्या साडूच्या नात्यातला निघाला की! तू आपल्यातलीच! आमी उगंच काय बाय समजून बसलो."

"काय समजून बसलात, काका?"

"जाऊ दे की आता."

"नाही, सांगा ना. काय समजला होतात?"

काकू मध्ये पडल्या. "अगं, पांढरा रस्सा गरम आहे, ओतून घे. आणि दसरा-दिवाळीला खालीच जेवत जा. घरचीच आहेस."

"आणि दुसरी खोली? मैत्रिणीला आठवड्याभरात यायचं आहे."

"ती खोली तूच वापर की," काका म्हणाले. "अभ्यासाला होईल. त्या पोरीचं काय, तिला तिच्यातलं कुणीतरी मिळंलच."

तिथं मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, निम्मं बाबांच्या पत्रकांतलंच असणार. एवढं आठवतं की मी म्हटलं, "काल मी जी होते तीच आज आहे. काल कागद आणि आज स्टील, मध्ये काय बदललं ते मला सांगा."

काकांनी पहिल्यांदा आवाज उतरवला. "हळू बोल. शेजारी गोरी माणसं हायत. काय म्हणतील?"

"म्हणू देत. त्यांना इंग्रजीत सांगते, थांबा."

"तुझ्या बापानं आडनाव टाकलं म्हणून तर एवढा घोळ झाला!" काका म्हणाले. "लावलं असतं तर पहिल्या दिवसापासनं मानानं जेवली असतीस."

या एका वाक्याचा राग मला आयुष्यभर पुरेल. बाबांनी आडनाव टाकलं, त्याची शिक्षा मला भोगावी लागली, असं त्यांना खरोखर वाटत होतं. आणि वर ते मला माफही करत होते. आपल्यातली असल्यामुळे.

संध्याकाळी घरी फोन केला. बाबा म्हणाले, "मामाला काय बोलणार? त्यानं माझं पत्रक कधी वाचलं नाही. दुकानात त्याच्या पुड्या बांधल्या." आई मागून म्हणाली, "तू तिथं राहणार आहेस का, ते सांग आधी."

नाही, म्हटलं. रस्सा मी ओतून टाकला. मटण टाकताना हात थांबला, खोटं कशाला बोलू, पण टाकलं. डबा घासला, पुसला. रिकामा डबा परत देत नाहीत. त्यात घराच्या चाव्या ठेवल्या, झाकण लावलं, आणि बॅगा उचलून निघताना जिन्याच्या पायरीवर ठेवला, जिथं माझी ताटली ठेवायचे तिथंच.

मैत्रिणीला सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, ती मिठी मारेल.

"चाव्या देताना मला विचारलंस?"

"तुझ्यासाठीच तर..."

"माझ्यासाठी? मला खोली पाहिजे होती बाई. हुतात्मा नको होता. आता दोघी कुठं जायाचं? तुझ्या रागावर झोपायचं?"

ती बरोबर होती आणि मीही चूक नव्हते. त्या रात्री तिच्या त्या आळीपाळीनं झोपायच्या गादीवर आम्ही दोघी आडव्या झालो. नंतर तिच्या वॉर्डातल्या एका बाईच्या ओळखीनं शहराबाहेर एक जागा मिळाली. खाली मासे तळायचं दुकान, भिंतीला ओल, एकच खोली. घरमालकिणीनं आमच्या रंगाकडे बघून दोनदा विचारलं, भाडं वेळेवर द्याल ना. तो राग वेगळा, त्याचं पत्रक वेगळं.

तिथं आम्ही हळूहळू घर लावलं. साडीचा पडदा पुन्हा लागला. शाहूवाडीचा तांदूळ तिच्या घरून आला, त्याचा वास माशांच्या वासाला पुरून उरला. पण ताटं नव्हती, दोन काचेच्या बशांत भागवत होतो. या सुट्टीत मी कोल्हापूरला निघाले तेव्हा ती म्हणाली, "येताना चार ताटं, चार वाट्या आण. चांगली जड. आणि नाव कोरून आण."

"नाव कशाला? आपल्या घरातलीच तर..."

"कोरायचं. माझं. आडनावासकट. तुझ्या बापानं टाकलं ते बरोबर. माझ्या बापानं जपलंय, तेही बरोबर. मोठ्या अक्षरात."

काल भांड्यांच्या दुकानात गेले. ताटं निवडली. नाव कोरणारा माणूस हातात ते घरघरणारं यंत्र घेऊन बसला होता. परदेशात न्यायची म्हटल्यावर खूश झाला. "लई चांगलं. तिकडं एक बरं हाय बघा, जातबित काय भानगड न्हाय. बोला, नाव काय घालू?"

मी मैत्रिणीचं पूर्ण नाव सांगितलं. आडनावाशी आलो तसं यंत्र थांबलं. त्यानं मान वर केली, माझ्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं.

"ह्या कोण तुमच्या?"

"घरातली आहे," मी म्हटलं. "जरा मोठ्या अक्षरात घाला. काठावर नको, मधोमध."