सभात्यागाचा शुक्रवार

आमच्या भागाचे आमदार बंडखोर म्हणून प्रसिद्ध. सरकार त्यांच्याच पक्षाचं, तरी भर सभागृहात मंत्र्यांना धारेवर धरायचे. मला त्यांचं भारी कौतुक. निवृत्तीनंतर रोज सकाळी त्यांच्या कार्यालयात जाऊन मी पत्रव्यवहार बघायचो, तोही फुकट. ‘पगार नाही, निदान चहा तरी देतात का हो?’ आमची ही विचारायची.

ही कसबा पेठेतल्या साड्यांच्या दुकानात विक्रेती. गिऱ्हाईक नसलं तरी बसायची सोय नाही. मालकांना तो आळशीपणा वाटतो. घरी येईपर्यंत पोटऱ्यांवरच्या शिरा टरारून फुगलेल्या असायच्या. डॉक्टरांनी बजावलं, ‘मधूनमधून बसायला मिळालं नाही, तर ऑपरेशन करावं लागेल.’ नोकरी सोडावी, तर घर कशावर चालणार?

मी आमदारांच्या कानावर घातलं. माणूस खरोखर हळहळला. दुकानातल्या नोकरांना बसायला जागा दिलीच पाहिजे, असं विधेयक त्यांनी तयार करवून घेतलं. आमदाराने स्वतःहून आणलेल्या अशा विधेयकांच्या वाट्याला शुक्रवारचा उरलासुरला वेळ येतो. त्यामुळे नंबर लागायलाच बरेच महिने गेले.

त्या शुक्रवारी हिने रजा टाकली. आम्ही दोघं टीव्हीसमोर. सभागृहात भलत्याच विषयावर खडाजंगी पेटली. आमदार उठले, कागद भिरकावले, ‘सभात्याग!’ म्हणून गरजले आणि तरातरा बाहेर पडले. मी टाळी वाजवली. सवयच हो!

गोंधळ शमला आणि आमच्या विधेयकाचं नाव पुकारलं गेलं. मग आमदारांचं. सन्माननीय सदस्य अनुपस्थित. पुढचं विधेयक. दुसऱ्या चॅनेलवर सन्माननीय सदस्य विधानभवनाच्या पायऱ्यांवर घोषणा देत होते.

‘अहो, बोलवा ना त्यांना आत!’ ही कळवळून म्हणाली. मी फोन लावत राहिलो. घोषणांपुढे फोन कुठला ऐकू येणार?

‘पुढच्या अधिवेशनात नक्की,’ आमदार नंतर म्हणाले. तेवढ्यात विधानसभेची मुदतच संपली आणि विधेयकही बारगळलं. मला असा संताप आला! त्यांच्या शेजारच्या बाकावरचे आमदार पाच वर्षांत तोंड उघडत नाहीत, मंत्र्यांच्या दालनात चहा पितात, आणि त्यांना हवं ते कलम सरकारी विधेयकात गुपचूप येऊन बसतं. आमच्या आमदारांची मात्र पेपरात पहिल्या पानावर छबी. मी कार्यालयात जाणं बंद केलं.

परवा मी हिला आणायला दुकानात गेलो, तर आमदार सहकुटुंब खरेदीला आलेले. मालकांनी लगबगीने खुर्ची दिली. हिच्या ऑपरेशनची तारीख आदल्या दिवशीच ठरली होती. आमदारांनी हिला ओळखलं. म्हणाले, ‘वहिनी, पाय कसे आहेत? बसा ना जरा.’

मालक शेजारीच उभे. हिने साडीची घडी मोडली, पदर पसरून दाखवला आणि अगदी शांतपणे म्हणाली, ‘साहेब, त्या शुक्रवारी तुम्ही आत बसला असतात, तर आज मीही बसले असते.’