पाणी जेवायला लागेपर्यंत

लेमेक म्टवालीच्या घरातले मासे मेले, तेव्हा बिलियाती होडीवाला खरोखरच मयतीला आल्यासारखा आला. चपला काढल्या, जमिनीवर बसला, मान खाली घातली आणि म्हणाला, "फार वाईट झालं, दादा. वय काय होतं?"

लेमेक हसला नाही. चुलीपाशी बसलेल्या एनिफाने, त्याच्या बायकोने, तेलातला झारा वर धरून विचारलं, "झालं का रडून? मग ती काचेची पेटी मला द्या."

चेंबेच्या किनाऱ्यावर लेमेकला सगळे ओळखतात. उमेदीची वर्षं त्याने मलावी सरोवराच्या तळाशी काढली. रंगीत मासे जिवंत पकडायचे, ते व्यापाऱ्याच्या शेडमधून परदेशी जायचे. एकदा खोल बुडी मारताना कानाचा पडदा फाटला आणि डॉक्टरने पाण्यात डोकं घालायचंही बंद केलं. पुढे व्यापाऱ्याने धंदा आवरला. जाताना एक जुनी काचेची टाकी आणि हवा सोडणारा पंप लेमेकला देऊन गेला. त्या टाकीत लेमेकला बायकोला एकच गोष्ट दाखवायची होती. कालिगोनो.

कालिगोनो म्हणजे झोपाळू. हा मासा वाळूवर आडवा पडून मेल्याचं सोंग करतो. अंगावर डागही असे, की सडायला लागलाय असंच वाटावं. बारके मासे टोचायला आले की त्यांनाच गिळतो. एनिफा चहाच्या डोंगरांतली. लग्न होऊन इथे आली, पण घोट्यापलीकडे पाण्यात कधी गेली नाही. झोपाळूची गोष्ट तिने लग्नापासून ऐकलेली, आणि लग्नापासून तिचं उत्तरही तेच. "मेल्याचं सोंग करणारा एक प्राणी मीही पाहिलाय. सरपण फोडायला सांगितलं की चटईवर आडवा होतो."

टाकी तिलाही हवी होती, आणि तिचं काही चूक नव्हतं. ती दारात मांदाझी विकते, गोडसर पिठाचे तळलेले गोळे. माश्या गिऱ्हाइकांच्या आधी हजर असतात. काचेची पेटी म्हणजे तिच्या लेखी पक्कं दुकान. शेवटी ठरलं ते असं. लेमेकने झोपाळू दाखवला तर टाकी त्याची. पुन्हा मेलेले मासे निघाले तर मांदाझीची.

पण पहिले मासे मेले कसे? पाणी सरोवराचं, वाळू सरोवराची, मासे सरोवराचेच. उत्तर लेमेकला शेडमध्ये राबून ठाऊक होतं. बायकोच्या टोमण्यांपुढे त्याचा धीर सुटला आणि त्याने मासे घाईने सोडले, एवढंच.

"तळाला, दगडाला न दिसणारे जीव चिकटलेले असतात," त्याने बिलियातीला सांगितलं. "माशांची घाण ते खातात. नव्या टाकीत ते पुरेसे नसतात. मासा आपल्याच घाणीत गुदमरतो."

"माझ्या मेहुण्याच्या घरी हेच होतं," बिलियाती म्हणाला.

या खेपेला लेमेकने वाळू, दगड, पाणी सगळं भरलं, पंपाच्या नळीला स्पंज बसवला आणि मासा सोडलाच नाही. बाजारातली बोटाएवढी उसिपा मासळी फडक्यात बांधून आत ठेवली. मेलेलीच. ती कुजली. पाणी कोंड्याच्या धुवणासारखं झालं. गिऱ्हाइकं एका हाताने नाक धरून दुसऱ्या हाताने मांदाझी खायला लागली.

"तियामिकेचे बाबा," एनिफा नवऱ्याला म्हणाली, "लोक मासे पाळतात. तुम्ही वास पाळलाय."

"पाणी जेवायला शिकतंय. शिकलं की वास जाईल."

वीज गेली की पंप थांबायचा. मग हा माणूस पेल्याने पाणी उचलून उंचावरून परत टाकीत ओतत बसायचा, आतल्या न दिसणाऱ्यांना हवा मिळावी म्हणून. जाणारे-येणारे विचारायचे, "मासे कुठायत?" तो म्हणायचा, "यायचेत." मासे नसलेल्या पाण्याची एवढी चाकरी आमच्या किनाऱ्यावर आजवर कुणी केली नसेल. आम्ही हसलो खूप. पण पेला खाली ठेवलेला कुणी पाहिला नाही.

हळूहळू वास गेला. त्याने पुन्हा उसिपा टाकली, तर ती विरघळली आणि नाकाला पत्ताही लागला नाही. पाणी जेवायला लागलं होतं. स्पंज तपकिरी, बुळबुळीत झाला, न दिसणारे जीव त्यात वस्तीला आले होते. लेमेक बिलियातीच्या होडीतून जुन्या साथीदारांकडे मासे आणायला गेला.

आमच्याकडे धुवायचं ते सगळं सरोवरावर जातं. भांडी, कपडे, पोरं. एनिफाने त्या दिवशी भांड्यांबरोबर स्पंजही नेला, साबण-वाळूने घासला आणि खडकावर उन्हात वाळवला. लेमेक बादली घेऊन आला, तर ती दारातच उभी.

"पाहुणे यायचेत म्हणून स्वच्छ केला," ती म्हणाली.

लेमेकने पांढऱ्याशुभ्र स्पंजाकडे पाहिलं. "छान निघालाय," म्हणाला, आणि बादली घेऊन मासे परत सरोवरात सोडायला गेला.

खरं काय ते तिला बिलियातीने सांगितलं. संध्याकाळी तिने नवऱ्याला धरलं. "मला ओरडला का नाहीत?"

"माझ्या माशांसाठी तू पहिल्यांदाच काहीतरी केलंस. त्यावर ओरडू?"

पुन्हा उसिपा, पुन्हा वास. या खेपेला एनिफाने चूल तेवढी मागच्या अंगणात नेली.

पाणी पुन्हा जेवू लागलं, चूल पुढे परत आली, तेव्हा आधी बारकी पिल्लं आली आणि ती तगल्यावर कालिगोनो. तो येताच दगडामागे जाऊन बसला. मग एका सकाळी, दारात गिऱ्हाइकं असताना, एनिफाला तो वाळूवर आडवा दिसला. डागाळलेला, निश्चल. ठरल्याप्रमाणे टाकी आता तिची होती. तिने झारा खाली ठेवला आणि रडवेल्या आवाजात हाक मारली, "अहो, या हो लवकर! मी काही धुतलं नाही!"

लेमेक आला, वाकून पाहिलं. "बस," म्हणाला. "हलू नकोस."

एक पिल्लू जवळ आलं. थांबलं. त्याने डागाला टोचलं. मेलेला मासा उलटला आणि पिल्लू नाहीसं झालं.

एनिफा अशी किंचाळली की दोन गिऱ्हाइकं अंगणाबाहेर पळाली. मग बराच वेळ ती काचेला नाक लावून बसली.

"इतकी वर्षं हे खाली चाललंय, आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं."

"नीट सांगितलं नसेल."

मांदाझीवर आजही फडकंच असतं. आणि स्पंज साफ करायचा झाला तर तो टाकीतल्याच पाण्यात हलकेच पिळायचा असतो. ते काम एनिफा करते. लेमेकला हात लावू देत नाही. म्हणते, या माणसाला धीर नाही.